कीटकांचे विष, प्रतिकारपेशींचे संकेत आणि रोगसंशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न जीवशास्त्राचे विद्यार्थी, मास्ट पेशींवर (अ‍ॅलर्जीत पुढे असणाऱ्या प्रतिकारपेशींवर) नव्याने काम सुरू करणारे संशोधक आणि डंखाची अ‍ॅलर्जी असलेले रुग्ण यांच्याकडून सतत येतात. पहिले दहा कोणालाही वाचता येतील. ११ पासून पुढचे प्रयोग करणाऱ्यांसाठी आहेत.

१. डंख मारणाऱ्या माशीचा आणि माणसाच्या आजारांच्या संशोधनाचा संबंध काय?

विषातला प्रत्येक रेणू दुसऱ्या प्राण्याच्या शरीरातल्या कुठल्यातरी ठरावीक जागी घाव घालतो. ती जागा कोणती हे शोधताना शरीराचीच यंत्रणा उलगडत जाते. मधमाशीच्या विषातले अपामिन हे अवघे १८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. ते चेतापेशींतल्या कॅल्शियमवर चालणाऱ्या एका छोट्या पोटॅशियम वाहिनीगटाला अडवते आणि बाकीच्या बहुतेक वाहिन्यांना हात लावत नाही. या गटाचे काम वेगळे काढून दाखवता आले ते मुख्यतः अपामिनमुळे.

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत विषाचे तीन उपयोग आहेत: संकेत कुठून सुरू होतो ते शोधण्याचे हत्यार, अ‍ॅलर्जीचा नमुना-आजार आणि नव्या औषधाचा कच्चा माल. बातम्या तिसऱ्याच्या होतात. हाताला ठोस काही लागले आहे ते पहिल्या दोनांतून.

२. मधमाशीच्या विषात नेमके काय असते आणि एका डंखात किती जाते?

एका डंखात साधारण ५० ते १४० मायक्रोग्रॅम विष जाते. नांगी कातडीत रुतून राहते आणि तिला जोडलेली पिशवी पुढेही विष ढकलत राहते, म्हणून नांगी कशीही काढा पण लगेच काढा.

कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन. २६ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड पेशीपटलात घुसून छिद्रे पाडते. दहा-बारा टक्के फॉस्फोलायपेज ए२ (पुढे पीएलए२). हे विकर पेशीपटलातील स्निग्ध रेणू तोडते आणि मधमाशीच्या अ‍ॅलर्जीतला एक मुख्य प्रतिजनही तेच. दोन-तीन टक्के अपामिन. तेवढेच किंवा त्याहून कमी ‘मास्ट पेशी रिकामी करणारे पेप्टाइड’, २२ अमिनो आम्लांचे. शिवाय हायालुरोनिडेज, जे ऊतींमधला चिकट भराव विरघळवून बाकी सगळ्यांना वाट मोकळी करून देते, आणि थोडे हिस्टामिन.

विष गोळा करण्यासाठी पोळ्याच्या दारात काच ठेवून तिच्यावरच्या तारांतून सौम्य विजेचे झटके देतात. माश्या काचेवर डंख मारतात, वाळलेले विष खरवडून घेतात. या पद्धतीत बाष्पनशील घटक उडून जातात आणि परागकण, मध, विष्ठा मिसळू शकते. बाटलीवर ‘शुद्ध विष’ लिहिले असले तरी दोन पुरवठादारांचा माल सारखा निघेलच असे नाही.

३. गांधीलमाशी, मुंगी, सुरवंट यांचे विषही असेच असते का?

नाही. गांधीलमाशीत मेलिटिन नसते. तिथे मास्टोपारान हे १४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड, फॉस्फोलायपेज ए१ आणि ‘अँटिजेन ५’ असतात. लाल आगमुंगीच्या विषाचा सुमारे ९५ टक्के भाग पायपेरिडीन अल्कलॉइड असतो आणि प्रथिने नाममात्र. तरीही अ‍ॅलर्जी होते ती त्या नाममात्र प्रथिनांमुळेच. दक्षिण अमेरिकेतल्या लोनोमिया सुरवंटाचे काटेरी केस रक्त गोठवणाऱ्या घटकांवर हल्ला करून जीवघेणा रक्तस्राव घडवतात; त्याचा गोठण्याच्या आजारांशी संबंध आहे, प्रतिकारपेशींशी तितका नाही.

एक दुरुस्ती पुन्हापुन्हा करावी लागते. विषापासून आलेल्या औषधांच्या यादीत कॅप्टोप्रिल (साप) आणि एक्झेनाटाइड (गिला सरडा) हमखास असतात. ती कीटकांची नाहीत. विंचू आणि कोळी हेसुद्धा कीटक नव्हेत.

४. डंख झाल्यावर मास्ट पेशीत काय घडते?

मास्ट पेशी त्वचेत आणि श्लेष्मल आवरणात रक्तवाहिन्यांच्या कडेने बसलेल्या असतात आणि हिस्टामिन, ट्रिप्टेज वगैरेंनी भरलेल्या कणिका बाळगून असतात. विष त्यांना दोन वेगळ्या मार्गांनी चाळवते. पुढची बहुतेक उत्तरे या फरकावर उभी आहेत.

पहिला मार्ग आयजीईचा. आधीच्या डंखात तयार झालेली आयजीई प्रतिपिंडे मास्ट पेशीवरच्या एफसी-एप्सिलॉन-आर-१ या ग्राहीवर बसून असतात. विषातले प्रथिन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम धरते, ग्राही एकत्र ओढले जातात. लिन हे विकर ग्राहीच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट जोडते, त्यावर सिक येऊन बसते, लॅट या मचाणावर बाकीची मंडळी जमतात, फॉस्फोलायपेज सी-गॅमा कामाला लागते, कॅल्शियम वाढते आणि कणिका बाहेर पडतात. काही मिनिटांत प्रोस्टाग्लँडिन व ल्युकोट्राइन बनतात, काही तासांनी सायटोकाइन (पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिने).

दुसऱ्या मार्गाला आयजीई लागतच नाही. मास्टोपारानसारखी धनप्रभारी पेप्टाइडे एमआरजीपीआरएक्स२ या जी-प्रथिनाशी जोडलेल्या ग्राहीवर बसतात. २०१५ मध्ये औषधांच्या प्रतिक्रियांतले या ग्राहीचे काम उजेडात आले आणि एक जुने कोडे सुटले: काही रुग्णांना औषध पहिल्यांदाच देताना अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया का येते? फ्लुओरोक्विनोलोन प्रतिजैविके, भूल देताना वापरली जाणारी काही स्नायुशिथिलके आणि आयकाटिबँट हे औषध हीसुद्धा याच ग्राहीला छेडतात. दीर्घकालीन पित्त उठण्याच्या आजारात त्वचेतल्या मास्ट पेशींवर हा ग्राही जास्त आढळतो.

दोन्ही मार्गांचा वेगही वेगळा. एमआरजीपीआरएक्स२ मुळे छोट्या कणिका एकेकट्या झटपट सुटतात. आयजीईमुळे थोड्या उशिराने, पण एकमेकींत मिसळून मोठ्या होऊन. सिक किंवा पहिल्याच मार्गातले बीटीके हे विकर अडवणारे औषध पहिला मार्ग बंद करते, दुसरा नाही.

५. आयुष्यातल्या पहिल्याच डंखाला जीवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस होते का?

सहसा नाही, कारण आयजीई बनायला आधी ओळख व्हावी लागते. पण लहानपणचा डंख आठवत नसतो, हे एक. दुसरे, मास्टोसायटोसिस असेल तर गणित बदलते (प्रश्न ९). तिसरे, एकाच वेळी शेकडो डंख झाले तर ती अ‍ॅलर्जी नसून सरळ विषबाधा असते: तांबड्या पेशी फुटतात, स्नायू विरघळतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

अ‍ॅनाफिलॅक्सिसचा पहिला उपचार म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांना जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. अँटिहिस्टामिन गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

६. मग आयजीई शरीराने ठेवलीच कशाला? ती नुसती त्रासच देते ना?

अ‍ॅलर्जीचा सगळा खटाटोप मुळात विषांपासून बचावासाठी असावा, अशी कल्पना १९९१ मध्ये मार्गी प्रोफेट यांनी मांडली. तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. २००६ मध्ये उंदरांवर दिसले की मास्ट पेशी नसलेले उंदीर सापाच्या आणि मधमाशीच्या विषाने जास्त मरतात. मास्ट पेशींतली विकरे विषाचे तुकडे करतात. २०१३ मध्ये आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. उंदरांना आधी थोडे विष दिले तर पुढच्या मोठ्या मात्रेत ते तगतात, आणि या संरक्षणाला आयजीई लागते. तसेच पीएलए२ पेशीपटल तोडते तेव्हा आयएल-३३ हे सायटोकाइन बाहेर पडते आणि दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या धाटणीचा प्रतिसाद सुरू होतो.

दुसरा निष्कर्ष आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. प्रतिकारयंत्रणा इथे विषाचा आकार ओळखत नाही, त्याने केलेली मोडतोड ओळखते. दमा आणि अ‍ॅटोपिक त्वचादाह यांत आयएल-३३ मध्येच का येते, याचा विचार या अंगाने करता येतो.

७. ज्या विषाची अ‍ॅलर्जी, त्याचीच इंजेक्शने देऊन ती बरी कशी होते?

या उपचाराला विष-इम्युनोथेरपी म्हणतात. अनेक दशके त्यासाठी अख्खा कीटक वाटून काढलेला अर्क वापरत. १९७८ मध्ये एका नियंत्रित चाचणीत शुद्ध विष, अख्ख्या कीटकाचा अर्क आणि नकली औषध यांची तुलना झाली. शुद्ध विषाने संरक्षण मिळाले. अर्क नकली औषधापेक्षा सरस ठरला नाही.

मायक्रोग्रॅमच्या छोट्या अंशापासून सुरुवात करून मात्रा १०० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात आणि ती दर ४ ते ६ आठवड्यांनी ३ ते ५ वर्षे देतात. गांधीलमाशीच्या बाबतीत ९० टक्क्यांहून जास्त, मधमाशीच्या बाबतीत सुमारे ८० टक्के रुग्णांना पुढच्या डंखापासून संरक्षण मिळते.

आत काय होते? सुरुवातीच्या काही तासांत बेसोफिल (रक्तातल्या, मास्ट पेशींसारख्या वागणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि मास्ट पेशी मंदावतात. पुढच्या आठवड्यांत आयएल-१० हे प्रतिसाद शमवणारे सायटोकाइन सोडणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. मग आयजीजी४ प्रतिपिंडे चढतात, जी विषाला आयजीईपर्यंत पोचण्याआधीच अडवतात. आयजीई मात्र सुरुवातीला वाढते आणि नंतर सावकाश उतरते. त्यामुळे उपचार चालू असताना ‘आयजीई वाढली, म्हणजे औषध लागू पडत नाही’ हा निष्कर्ष चुकीचा.

मधमाशीत यश कमी का, याचे एक कारण मालातच सापडले. एपीआय एम १० हे विषातले नाजूक प्रथिन काही तयार औषधांत फार कमी उरलेले असते. ज्यांची आयजीई मुख्यतः त्याच्याच विरुद्ध असते, त्यांच्यात उपचार फसण्याची शक्यता जास्त दिसली आहे.

८. माझ्या रक्तात मधमाशी आणि गांधीलमाशी दोन्हींची आयजीई निघाली. मला दोन्हींची अ‍ॅलर्जी आहे का?

बहुधा नाही. दोन्ही विषांतल्या प्रथिनांना सारखीच शर्करासाखळी चिकटलेली असते आणि तिच्याविरुद्धची आयजीई दोन्हीकडे उमटते. ही शर्करा-आयजीई सहसा लक्षणे घडवत नाही. शर्करा नसलेली घटक प्रथिने वापरून चाचणी करा: मधमाशीसाठी एपीआय एम १, ३ आणि १०, गांधीलमाशीसाठी व्हीईएस व्ही १ आणि ५. तरीही चित्र धूसर राहिले तर बेसोफिल चाचणी (प्रश्न १४).

९. डंखानंतर रक्तदाब एकदम पडला, अंगावर पित्त मात्र उठलेच नाही. डॉक्टरांनी ट्रिप्टेज सांगितले. कशासाठी?

पित्त न उठता रक्तदाब कोसळणे ही मास्टोसायटोसिसची ठळक खूण आहे. या आजारात मास्ट पेशींची संख्या वाढते आणि बहुतेक प्रौढांत किट जनुकात डी८१६व्ही हा बदल सापडतो. त्यामुळे वाढीचा संकेत बाहेरून कोणी न देताही चालूच राहतो. अनेकांच्या बाबतीत डंख हीच आजाराची पहिली खबर असते.

ट्रिप्टेज दोनदा मोजावे लागते. एकदा लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण १ ते ४ तासांत, आणि एकदा सगळे शमल्यावर, निदान २४ तासांनी. पहिला आकडा (दुसऱ्याच्या १.२ पट + २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) इतका किंवा त्याहून जास्त असेल तर मास्ट पेशी खरोखर सक्रिय झाल्या होत्या. एकच नमुना घेतला तर ‘सामान्य’ आकडाही फसवतो. कायमचा आकडा ११.४ च्या वर असेल तर पुढचा तपास हवा. मात्र ट्रिप्टेजच्या जनुकाच्या जादा प्रती जन्मतः असल्यानेही तो चढतो. मास्टोसायटोसिस निघाल्यास विष-इम्युनोथेरपी पाच वर्षांनी थांबवत नाहीत, सहसा आयुष्यभर देतात.

१०. ‘मधमाशीचे विष कर्करोग नष्ट करते’ हे खरे का? आणि संधिवातासाठी डंख घेतले तर चालेल का?

२०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की मधमाशीचे विष आणि मेलिटिन स्तनाच्या कर्करोगाच्या ट्रिपल-निगेटिव्ह व एचईआर२ प्रकारच्या पेशी मारतात, आणि त्याआधीच ईजीएफआर व एचईआर२ या वाढीच्या ग्राहींचा संकेत दबतो. मेलिटिन नसलेल्या बंबलबीच्या विषाने काही झाले नाही. काम चोख आहे. पण ते बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवरचे आहे.

अडचण हिशेबात आहे. १०० मायक्रोग्रॅम विषात ५० मायक्रोग्रॅम मेलिटिन धरा. रेणुभार सुमारे २८४७, म्हणजे १७.६ नॅनोमोल. डंखाजागी ०.१ मिलिलिटर द्रवात तीव्रता १७६ मायक्रोमोलर होते, पेशी फोडायला रग्गड. तेवढेच ५ लिटर रक्तात पसरले तर ३.५ नॅनोमोलर, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पेशी मारायला काही मायक्रोमोलर लागते, आणि तेवढे रक्तात पोचवले तर आधी तांबड्या पेशी फुटतात. म्हणून मेलिटिनला नॅनोकणांत बांधणे किंवा गाठीवर चिकटणारा तुकडा जोडणे, यावर खरी मेहनत चालू आहे.

डंखाच्या किंवा विषाच्या इंजेक्शनांच्या उपचारांचे म्हणाल तर बहुविध स्क्लेरोसिसच्या २६ रुग्णांवरच्या २००५ च्या चाचणीत आणि पार्किन्सनच्या ४० रुग्णांवरच्या २०१६ च्या चाचणीत फायदा दिसला नाही. शिवाय पुन्हापुन्हा डंख घेतल्याने आयजीई बनू शकते. घरी हा प्रयोग करू नका.

११. मास्ट पेशींवर विष टाकल्यावर बीटा-हेक्सोसॅमिनिडेज (कणिकांतले एक विकर) भरपूर बाहेर आले. कणिका सुटल्या असे लिहू का?

थांबा. पेशीने कणिका सोडल्या की पेशीच फुटली? मेलिटिन असलेल्या कुठल्याही नमुन्यात हा पहिला प्रश्न, आणि छापलेल्या निबंधांतही तो कित्येकदा विचारलेला नसतो. फुटलेल्या पेशीतूनही हेक्सोसॅमिनिडेज बाहेर येतेच.

आधी चाचणी नीट लावा. आरबीएल-२एच३ (रॅटच्या, मास्ट पेशींसारख्या) पेशी ९६ खळग्यांच्या ताटलीत खळग्याला ५०,००० या दराने लावा आणि डीएनपी-विरोधी आयजीई १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घालून रात्रभर ठेवा. सकाळी टायरोड द्रवाने दोनदा धुवा. सीरममध्ये स्वतःचे हेक्सोसॅमिनिडेज असते आणि माध्यमातला फिनॉल रेड वाचनात ढवळाढवळ करतो, म्हणून धुण्यात आळस नको. उत्तेजक घालून ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटे. वरचा द्रव ५० मायक्रोलिटर, त्यात पीएच ४.५ च्या सायट्रेटमधले १ मिलिमोलर पी-नायट्रोफिनाइल द्रव्य ५० मायक्रोलिटर, एक तास. पीएच १० च्या वरच्या ग्लायसिन द्रवाने थांबवून ४०५ नॅनोमीटरला वाचा. एकूण साठा ट्रायटॉनने पेशी फोडून काढा. उत्तेजक नसताना १० टक्क्यांहून जास्त सुटत असेल तर पेशी आजारी आहेत. त्या दिवसाचे आकडे टाकून द्या.

आता फुटणे वेगळे काढायचे:

- त्याच द्रवात एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे विकर) मोजा. एलडीएच पेशीद्रवात असते, कणिकांत नाही. दोन्ही सारख्याच टक्क्यांनी वाढले तर पेशी फुटली.
- कॅल्शियम काढून टाका. कणिका सुटणे थांबते, फुटणे सहसा थांबत नाही.
- सिक अवरोधक घाला. आयजीईचा मार्ग बंद होतो. विषाचा परिणाम तसाच राहिला तर तो त्या मार्गाचा नव्हता.

मधला पट्टा खरा अवघड. पेशी न फुटेल इतक्या कमी मेलिटिनने पाडलेल्या छिद्रांतून कॅल्शियम आत येते आणि त्यामुळे कणिका खरोखरच सुटतात. इथे ग्राहीचा संबंध नाही, तरी एलडीएच स्वच्छ दिसते. अशा वेळी मात्रेचा पूर्ण आलेख काढा आणि ग्राही काढून टाकलेल्या पेशी शेजारी ठेवा.

१२. कोणती पेशी वापरू?

आयजीईच्या मार्गासाठी आरबीएल-२एच३ स्वस्त आणि भरवशाची. मात्र तिच्यात मानवी एमआरजीपीआरएक्स२ नाही आणि कंपाउंड ४८/८० ला (तो ग्राही छेडणाऱ्या नेहमीच्या द्रव्याला) ती जेमतेम प्रतिसाद देते. तो ग्राही हवा तर जनुक घातलेली आरबीएल घ्या. मानवी एलएडी२ मध्ये दोन्ही मार्ग आहेत, पण ती संथ वाढते, दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे, शिवाय १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर स्टेम सेल फॅक्टर लागतो. आठवड्याला निम्मेच माध्यम बदला. एचएमसी-१ मध्ये आयजीईचा कामचलाऊ ग्राही नसतो, त्यामुळे ती या कामाला नाही; किट जनुकातील बदलांसाठी ठीक.

१३. विकत घेतलेल्या पीएलए२ ने मॅक्रोफेजमधून सायटोकाइन वाढले. उकळलेले पीएलए२ नियंत्रण म्हणून पुरेल का?

नाही. पाच डायसल्फाइड बंधांमुळे हे विकर उष्णतेला बरेच चिवट आहे आणि सोबत आलेले मेलिटिन त्याहून चिवट. शुद्ध म्हणून विकलेल्या पीएलए२ मध्येही थोडे मेलिटिन राहते, आणि दोघे मिळून एकेकट्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी फोडतात. सक्रिय जागेतले हिस्टिडीन बदललेले निष्क्रिय रूप हे योग्य नियंत्रण.

जिवाणूंचे एंडोटॉक्सिनही तपासा, नाहीतर तुम्ही टीएलआर४ या एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या ग्राहीचाच संकेत मोजत बसाल. मात्र मेलिटिन स्वतः एंडोटॉक्सिनला चिकटते, त्यामुळे एंडोटॉक्सिन मोजणारी लिम्युलस चाचणी खरा आकडा कमी दाखवू शकते. ज्ञात एंडोटॉक्सिन मिसळून ते पूर्ण परत मिळते का, ते पाहा.

माध्यमात सीरम किती, हे दर वेळी लिहा. अल्ब्युमिन मेलिटिनला धरून ठेवते. १० टक्के सीरममधला आकडा सीरमविरहित आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

१४. बेसोफिल सक्रियता चाचणीत रुग्णाचे पेशीप्रतिसाद शून्य आले. अ‍ॅलर्जी नाही असे समजायचे का?

आधी नियंत्रणे पाहा. आयजीई-विरोधी प्रतिपिंडाला प्रतिसाद नाही पण एफएमएलपीला (आयजीईशिवाय बेसोफिल चाळवणाऱ्या पेप्टाइडला) आहे, तर या व्यक्तीचे बेसोफिल आयजीईच्या मार्गाने मुळातच मुके आहेत. सुमारे दहातल्या एकाचे तसे असतात. असा निकाल ‘निगेटिव्ह’ नसून ‘सांगता येत नाही’ असा लिहायचा. रक्त हेपॅरिनमध्ये घ्या आणि शक्यतो त्याच दिवशी तपासा. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवते, म्हणून कॅल्शियम परत घातले नसेल तर काहीच सुटणार नाही. सीडी६३ आणि सीडी२०३सी या सक्रियतेच्या दोन्ही खुणा मोजा. विषाच्या निदान चार-पाच मात्रा ठेवा. सर्वांत वरच्या मात्रेत मेलिटिन बेसोफिल मारून वक्र खाली ओढते.

१५. उंदरात दिसलेले माणसात लागू पडेल का?

ग्राहीनुसार उत्तर बदलते. उंदराचा एमआरजीपीआरबी२ हा मानवी एमआरजीपीआरएक्स२ चा जोडीदार मानतात, पण एकाच द्रव्याला दोघांची संवेदनशीलता अनेकदा खूप वेगळी असते. उंदराची मात्रा तशीच उचलू नका.

सीडी१ए हे टी पेशींना स्निग्ध रेणू दाखवणारे प्रथिन तर उंदरात नाहीच. मधमाशीचे पीएलए२ पेशीपटलातून जे स्निग्ध तुकडे काढते ते सीडी१ए वर चढतात आणि टी पेशी त्यांना ओळखतात, हे २०१५ मध्ये मानवी पेशींत दिसले. पुढे घरातल्या धुळीतल्या माइटचे पीएलए२ अ‍ॅटोपिक त्वचादाहात आणि मास्ट पेशींतून पुटिकांद्वारे येणारे स्वतःचे पीएलए२ सोरायसिसमध्ये हाच मार्ग वापरते, असे पुरावे मिळाले. साध्या उंदरावर हा प्रयोग केला असता तर निकाल कोरा आला असता. या मार्गासाठी मानवी सीडी१ए घातलेले उंदीर किंवा माणसाच्या त्वचेतल्या लँगरहान्स पेशी आणि त्याच व्यक्तीच्या टी पेशी घ्या.